सायकोडायनॅमिक थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकोडायनॅमिक थेरपी म्हणजे नेमकं काय?

बोलण्यातून होणारा हा मानसोपचार आहे. आपण कसे वागतो, कशाला घाबरतो, कोणत्या माणसांकडे ओढले जातो, यातलं बरंचसं आपल्यालाच ठाऊक नसलेल्या कारणांनी ठरतं, हे त्यामागचं गृहीतक. ही कारणं बहुधा जुनी असतात. लहानपणी ज्यांच्यावर आपण अवलंबून होतो, त्यांच्याशी जुळवून घेताना लागलेल्या त्या सवयी असतात. मूल रागावलं की मोठी माणसं दिवसभर अबोला धरतात, अशा घरात मूल राग गिळायला शिकतं. त्या वयात ते शहाणपणाचंच असतं. पण तोच माणूस पस्तिशीतही साहेबापुढे, जोडीदारापुढे, मित्रांपुढे राग गिळत राहतो, अधूनमधून उदास होतो, आणि का ते त्याला सांगता येत नाही. थेरपीत ही साखळी उलगडतात. तेवढ्यावर न थांबता ती आत्ता, थेरपिस्टसमोर बसलेलं असतानाही कशी चालू आहे, तेही पाहतात. या पद्धतीचा खरा जोर या दुसऱ्या भागावर आहे.

म्हणजे फ्रॉइडची, कोचावर आडवं होऊन बोलायची पद्धत का?

मूळ तेच आहे. योसेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड या व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी १८९५ मध्ये उन्मादावरचं, म्हणजे हिस्टेरियावरचं, लेखन एकत्र प्रसिद्ध केलं. बोलण्याने लक्षणं कमी होऊ शकतात, ही कल्पना तिथून पुढे वाढत गेली. पारंपरिक मनोविश्लेषणात आठवड्याला तीन ते पाच सेशन असतात आणि रुग्ण कोचावर असतो. सायकोडायनॅमिक थेरपीत सहसा आठवड्याला एक, फार तर दोन सेशन, ४५ ते ५० मिनिटांचं, समोरासमोर खुर्चीत बसून.

मधल्या सव्वाशे वर्षांत सिद्धांतही बराच बदलला. मेलनी क्लाइन, डोनाल्ड विनिकॉट, जॉन बोल्बी, हाइन्झ कोहुट या पुढच्या मनोविश्लेषकांमुळे भर लैंगिक प्रेरणांवरून नात्यांवर, जवळिकीच्या गरजेवर आणि स्वतःबद्दलच्या भावनेवर सरकला. आजही कुणी थेरपिस्ट प्रत्येक तक्रारीचं मूळ एकाच ठरावीक गोष्टीत शोधत असेल, तर सावध राहिलेलं बरं.

सेशनमध्ये प्रत्यक्ष काय चालतं?

विषयपत्रिका नसते. बसल्यावर मनात येईल ते बोलायचं, मग ते क्षुल्लक असो, लाजिरवाणं असो की विषयाला सोडून असो. थेरपिस्ट मजकुराइतकंच बाकीचंही ऐकत असतो. कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते, कुठे विषय एकदम बदलतो, कोणाचं नाव कधीच निघत नाही, रडू येण्यासारखं सांगताना माणूस हसतो का.

त्याचं बोलणं साधारण तीन पायऱ्यांनी पुढे जातं. आधी स्पष्टीकरण मागणं: ‘विचित्र वाटलं म्हणजे कसं?’ मग विसंगती दाखवणं: ‘काही वाटलं नाही म्हणता, पण त्या रात्री झोप लागली नाही.’ आणि पुरेसं साहित्य जमल्यावरच अर्थ सुचवणं. तिसरी पायरी घाईने घेतली तर अर्थ बरोबर असूनही वाया जातो. माणूस ‘हो, पटतं’ म्हणतो आणि काहीही बदलत नाही.

एक नमुना पाहा. सहाव्या सेशनला एक बाई दहा मिनिटं उशिरा येतात, चारदा माफी मागतात आणि म्हणतात, ‘तुमचा पुढचा पेशंट असेल ना, मी पटकन आटपते.’ थेरपिस्ट म्हणतो, ‘आल्यापासून तुम्ही माझीच सोय बघताय. मी वैतागलोय असं वाटतंय का?’ त्या हसून नाही म्हणतात. थोड्या वेळाने म्हणतात, ‘जरा वाटलं. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत.’ मग हळूहळू निघतं की वडील गप्प झाले की घरात सगळ्यांनी आवरतं घ्यायचं असायचं, आणि नवरा फोन बघत बसला तरी यांच्या पोटात तसाच गोळा येतो. वडील, नवरा आणि थेरपिस्ट, तिन्हीकडे एकच भीती. मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड मॅलन यांनी ही मांडणी त्रिकोणांच्या रूपात केली. एका त्रिकोणाची टोकं म्हणजे दडलेली भावना, तिच्यामुळे येणारी चिंता आणि त्या चिंतेपासूनचा बचाव. दुसऱ्याची टोकं म्हणजे भूतकाळातली माणसं, सध्याची माणसं आणि थेरपिस्ट.

थेरपिस्टबद्दल राग, ओढ किंवा भीती वाटते. हे बरोबर आहे का?

हो, आणि ते बोलून दाखवणं हाच कामाचा गाभा आहे. जुन्या नात्यातल्या अपेक्षा आणि भीती नव्या माणसावर लादल्या जाणं, याला ट्रान्सफरन्स म्हणतात. तो सगळ्याच नात्यांत होतो. इथे फरक इतकाच की समोरचा माणूस त्यात ओढला न जाता त्याविषयी बोलायला तयार असतो. तुमच्यामुळे थेरपिस्टच्या मनात जे उमटतं, ते काउंटरट्रान्सफरन्स. प्रशिक्षित थेरपिस्ट त्याचा माहिती म्हणून उपयोग करतो आणि त्यावर आपल्या सुपरवायझरशी, म्हणजे कामावर मार्गदर्शन करणाऱ्या अनुभवी थेरपिस्टशी, बोलतो.

मात्र या कल्पनेचा गैरवापरही होतो. थेरपिस्ट खरोखरच उशिरा आला किंवा तुमच्या बोलण्याकडे त्याचं लक्ष नव्हतं, तर तुमच्या रागाला ट्रान्सफरन्स म्हणून वाटेला लावणं चूक आहे. आधी ‘हो, माझं चुकलं’ आणि मग अर्थ, हा क्रम हवा. आणि ओढ वाटली तर ती फक्त बोलायची असते. थेरपिस्टने शारीरिक किंवा प्रेमाचं नातं जोडणं हा कोणत्याही सबबीखाली गंभीर गैरप्रकारच.

बचावयंत्रणा म्हणजे काय? त्या मोडायच्या असतात का?

असह्य भावना जाणिवेबाहेर ठेवण्याच्या मनाच्या युक्त्या. नाकारणं, आपली भावना दुसऱ्यावर ढकलणं, साहेबाचा राग घरी काढणं, प्रत्येक दुःखाचं तर्कशुद्ध विश्लेषण करत बसणं, माणसांना पूर्ण चांगली किंवा पूर्ण वाईट ठरवणं. विनोदही त्यातलाच, पण तो प्रगल्भ समजला जातो. त्या सरसकट मोडायच्या नसतात. प्रत्येक बचाव कधीतरी उपयोगी पडलेला असतो. तो कशासाठी आहे हे कळल्यावर, दुसरा पर्याय तयार झाल्यावरच तो सुटतो. त्याआधी हिसकावून घेतला तर माणूस कोलमडतो, नाहीतर थेरपी सोडून जातो.

कोणाला याचा सर्वाधिक उपयोग होतो?

निदानापेक्षा तक्रारीचं स्वरूप अधिक सांगून जातं. ‘माझ्याच बाबतीत दर वेळी असंच का होतं?’ हा प्रश्न घेऊन येणाऱ्याला ही पद्धत मानवते. दर नातं ठरावीक टप्प्यावर तुटणं, नोकरी बदलली तरी वरिष्ठांशी तोच संघर्ष, यश जवळ आलं की आपणच ते हातचं घालवणं, सगळं नीट असून आत पोकळ वाटणं, टोकाची आत्मटीका, वर्षानुवर्षं अडलेला शोक. सौम्य ते मध्यम नैराश्य, चिंतेचे विकार, पॅनिक, आणि तपासण्या होऊनही शारीरिक कारण न सापडलेल्या वेदना यांवरही तिचे अभ्यास झालेले आहेत.

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारासाठी (भावना आणि नाती सतत टोकाला जाणं, स्वतःला इजा करणं) या परंपरेतून दोन खास पद्धती निघाल्या. अँथनी बेटमन आणि पीटर फोनगी यांची मेंटलायझेशनवर (आपल्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्यावर) आधारित थेरपी, आणि ओटो कर्नबर्ग यांच्या कामातून आलेली ट्रान्सफरन्सवर केंद्रित थेरपी. दोन्हींची चौकट साध्या सायकोडायनॅमिक थेरपीपेक्षा बरीच घट्ट असते. सुरुवातीलाच करार होतो आणि स्वतःला इजा झाल्यास काय करायचं ते ठरवलं जातं. हे प्रशिक्षण नसलेल्या थेरपिस्टने अशा रुग्णाबरोबर नुसतं मोकळं बोलत राहणं सहसा फसतं.

स्वभावाचा भागही आहे. लगेच उत्तर न मिळणं सहन होतं का, आपल्या वागण्याविषयी थोडी तरी उत्सुकता आहे का, आयुष्यात निदान एक तरी बऱ्यापैकी टिकलेलं नातं आहे का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर शक्यता चांगली. शिक्षण किंवा अस्खलित बोलणं ही अट नाही. उलट फार सफाईने बोलणाऱ्यांनाच भावनेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, असं पुष्कळदा दिसतं.

कोणी आधी दुसरा उपचार घ्यावा?

इथे आम्ही स्पष्टच सांगतो, कारण चुकीच्या जागी ही थेरपी घेऊन वर्ष वाया जाऊ शकतं.

ओसीडी (नको असलेले विचार आणि पुन्हा पुन्हा करावीच लागणारी कृती) असेल तर आधी एक्स्पोजर आणि रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण ती कृती करायची नाही. हात वीस वेळा का धुतले जातात याचा अर्थ कळला म्हणून धुणं थांबत नाही. कुत्रा, उंची, इंजेक्शन अशा ठरावीक गोष्टीचा फोबिया असेल तर टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा उपचार, आणि तो थोड्या सेशनमध्ये होतो. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकाराच्या तीव्र अवस्थेत मनोविकारतज्ज्ञ आणि औषधं आधी; भास-भ्रम चालू असताना मोकळं, दिशाहीन बोलणं गोंधळ वाढवू शकतं. दारू किंवा इतर व्यसन जोरात असेल तर त्याचा उपचार आधी किंवा निदान सोबत, कारण सेशनमध्ये वर आलेली भावना त्याच रात्री पुन्हा बुडवली जाते. खाण्याच्या विकारात वजन धोकादायक पातळीला उतरलं असेल तर वैद्यकीय देखरेख पहिली. जोडीदाराकडून मारहाण चालू असेल, तर ‘मी अशीच माणसं का निवडते’ याच्या आधी सुरक्षिततेची व्यवस्था.

जीव देण्याचे विचार ठाम होत असतील, त्याची योजना डोक्यात असेल, तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका. आपत्कालीन वैद्यकीय सेवा गाठा आणि जवळच्या माणसाला सांगा.

सीबीटीपेक्षा ही वेगळी कशी? चांगली कोणती?

सीबीटीत (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीत) समस्या ठरवून घेतात, विचार आणि वर्तन यांवर थेट काम होतं, गृहपाठ असतो. इथे विषय रुग्ण आणतो, गृहपाठ बहुधा नसतो, आणि थेरपिस्टशी असलेलं नातं स्वतःच अभ्यासाचा विषय असतं.

तुलनेचे आकडे पाहिले तर कोणीच फार मिरवावं असं नाही. नेदरलँड्समध्ये नैराश्याच्या ३४१ रुग्णांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही पद्धतींची १६ सेशन दिली. उपचार संपताना दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही, पण पूर्ण उतार पडलेले एकंदर जेमतेम २३ टक्के होते. त्याच वर्षी जर्मनीत सामाजिक भीतीच्या ४९५ रुग्णांवरचा अभ्यास आला. दोन्ही उपचार नुसत्या प्रतीक्षा यादीवर ठेवलेल्या, उपचार न मिळालेल्या गटापेक्षा सरस ठरले. मात्र पूर्ण उताराचं प्रमाण सीबीटीत ३६ टक्के आणि सायकोडायनॅमिकमध्ये २६ टक्के होतं. त्यामुळे त्रास फक्त सामाजिक भीतीचाच असेल, तर आमचा कल सीबीटीकडे राहील.

परिणाम टिकतो का? पुरावा आहे?

आहे, पण तो सीबीटीइतका विपुल नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधला अभ्यास लक्ष देण्याजोगा आहे. निदान दोन उपचार करूनही न हटलेल्या नैराश्याचे १२९ रुग्ण त्यात होते. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याबरोबर १८ महिने साप्ताहिक मनोविश्लेषणात्मक थेरपी. थेरपी संपली तेव्हा पूर्ण उतार पडलेले दोन्ही गटांत थोडेच होते. फरक नंतर रुंदावला. सुरुवातीपासून ४२ महिन्यांनी थेरपी गटातले ४४ टक्के लोक गंभीर नैराश्याच्या निकषात बसत नव्हते. दुसऱ्या गटात हे प्रमाण १० टक्के होतं. उपचार थांबल्यावरही सुधारणा वाढत राहणं हे या पद्धतीचं बलस्थान सांगितलं जातं. ते सगळ्याच अभ्यासांत तितक्या ठळकपणे दिसत नाही, हेही खरं.

किती काळ लागतो?

दोन प्रकार आहेत. अल्पकालीन थेरपी साधारण १६ ते ३० सेशनची, एकाच सूत्रावर केंद्रित. डायनॅमिक इंटरपर्सनल थेरपी ही त्यातली नीट आखलेली पद्धत. पहिल्या चार सेशनमध्ये नात्यांतलं सूत्र शोधायचं, पाच ते बारामध्ये त्यावर काम करायचं, शेवटची चार निरोपाची. दीर्घकालीन थेरपी एक वर्ष किंवा ५० सेशनच्या पुढे, अनेकदा दोन-तीन वर्षं. एखादा प्रसंग किंवा एकच अडचण असेल तर अल्पकालीन पुरते. स्वभावातच मुरलेल्या गोष्टींना वेळ लागतो.

आठवड्यातून एकदाच्या खाली जाऊ नये. पंधरा दिवसांनी भेटलं की निम्मा वेळ मधल्या घडामोडी सांगण्यात जातो आणि खोलवर जायला जागाच उरत नाही.

औषधं चालू असताना घेता येते का?

येते. मध्यम ते तीव्र नैराश्यात दोन्ही मिळून घेणं नेहमीचंच आहे. थेरपी सुरू झाली म्हणून औषध मनाने बंद करू नका. काही औषधं अचानक सोडल्यास चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होते आणि तो त्रास थेरपीमुळे झाला असा समज होतो. डोस कमी करणं औषध देणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

थेरपिस्ट गप्प का बसतो? सल्ला का देत नाही?

सल्ला मिळाला की तुम्ही तो पाळता किंवा मोडता, आणि दोन्हीकडे तुमची जुनीच सवय जिंकते. आज्ञाधारक माणूस आणखी आज्ञाधारक होतो, बंडखोर आणखी बंडखोर. म्हणून थेरपिस्ट आवरून बोलतो. पण पन्नास मिनिटं दगडासारखं बसणं हे तंत्र नव्हे. शांतता जाचक वाटत असेल तर तसं सांगा. चांगला थेरपिस्ट त्या जाचाबद्दल बोलेल आणि गरज असेल तर आपली पद्धतही सैल करेल. धोका असेल तेव्हा त्याने थेट बोलायलाच हवं.

लहानपणाचं काही आठवत नाही. मग?

अडत नाही. सुरुवातीच्या वर्षांचं कोणालाच फारसं आठवत नसतं. सूत्र आजच्या नात्यांतही दिसतंच. दडपलेली आठवण खणून काढणं हे उद्दिष्ट नाही. ‘तुमच्या लक्षणांवरून तुमच्यावर लहानपणी अत्याचार झाला असणार’ असं कोणी सुचवत असेल, त्यासाठी संमोहन किंवा कल्पनाचित्रं वापरत असेल, तर तिथून बाहेर पडा. सूचनेमुळे खोट्या आठवणी तयार होऊ शकतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे.

आई-वडिलांना दोषी ठरवणं हेही काम नाही. सुरुवातीला राग येतो, पुढे बहुतेकांना त्या माणसांच्या मर्यादाही दिसू लागतात.

सुरू केल्यापासून जास्तच त्रास होतोय. सोडून द्यावी का?

पहिल्या काही आठवड्यांत रडू येणं, स्वप्नं वाढणं, सेशननंतर थकवा, हे होतं. ते एक-दोन दिवसांत ओसरायला हवं. झोप, काम, खाणं सलग दोन-तीन आठवडे ढासळत चाललं असेल, तर तो बरं होण्याचा भाग समजून सोसत बसू नका. पुढच्या सेशनची सुरुवातच त्याने करा. वेग कमी करणं, आधारावर भर देणं किंवा मनोविकारतज्ज्ञांना दाखवणं, असे मार्ग आहेत. कोणत्याही मानसोपचारात साधारण ५ ते १० टक्के प्रौढांची अवस्था खालावते. ते लवकर हेरणं ही थेरपिस्टची जबाबदारी.

सोडावीशी वाटणं ही वेगळी गोष्ट. नेमकं महत्त्वाचं काही जवळ आलं की सेशन विसरणं, उशीर होणं, ‘आता बरं आहे’ असं वाटणं वाढतं. म्हणून निरोप मेसेजवर न देता निदान एक सेशन त्यासाठी ठेवावं.

कुठे बिघडतं?

सर्वात मोठी गळती चौकटीतून होते. वेळ दर आठवड्याला बदलणं, फीबद्दल अर्धवट बोलणं, रद्द केलेल्या सेशनचे पैसे द्यायचे की नाही ते आधी न ठरवणं. मग खरा संताप कशाचा आणि ट्रान्सफरन्स कशाचा, हे दोघांनाही सांगता येत नाही. सगळं पहिल्या भेटीत ठरवून घ्या: वार, वेळ, फी, रद्द करण्याची मुदत, सुट्ट्या, मधल्या फोन-मेसेजचं काय, गोपनीयता कोणत्या परिस्थितीत मोडली जाईल.

दुसरी अडचण म्हणजे गोडीगुलाबी. रुग्ण ‘चांगला रुग्ण’ बनतो, रोचक स्वप्नं आणतो, थेरपिस्टचं प्रत्येक म्हणणं मान्य करतो, आणि सहा महिन्यांनी घरी काहीच बदललेलं नसतं. तिसरी, महत्त्वाचं ते शेवटच्या दोन मिनिटांत, उठता उठता सांगणं. ते बहुतेक सगळे कधी ना कधी करतात; पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करायची.

थेरपिस्ट कसा निवडावा?

मानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्रातली मान्यताप्राप्त पदवी हवी आणि त्यावर या पद्धतीचं वेगळं प्रशिक्षण हवं. चार प्रश्न बिनधास्त विचारा. प्रशिक्षण किती वर्षांचं? सध्या सुपरव्हिजन घेता का? स्वतः थेरपी घेतली आहे का? माझ्यासारख्या तक्रारीत तुम्ही साधारण कसं काम करता? तपशील खासगी ठेवूनही यांची सरळ उत्तरं देता येतात. कोणी चिडलं किंवा प्रश्नाचंच विश्लेषण करू लागलं, तर तीही माहितीच आहे.

पहिली दोन ते चार सेशन दोघांनीही एकमेकांना पारखण्याची धरा. सहाव्या-आठव्या सेशनपर्यंत थेरपिस्टने तुमची अडचण साध्या भाषेत मांडून दाखवायला हवी. ती ऐकून ‘हे माझ्याबद्दल आहे’ असं वाटलं पाहिजे. कोणालाही चिकटवता येईल असं काही ऐकू आलं, तर विचारा, नाहीतर बदला.

ऑनलाइन चालते का?

चालते. दर वेळी तीच खोली, दार बंद, हेडफोन, कॅमेरा चेहरा आणि खांदे दिसतील असा. चालत्या गाडीतून नको. संपर्क तुटला तर कोण कोणाला फोन करणार आणि संकटात तुमच्या जवळचं कोण येऊ शकेल, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. सेशन संपल्यावर लगेच कामाची मीटिंग लावू नका; दहा मिनिटं मोकळी हवीत.

संपवायची वेळ झाली हे कसं कळतं?

लक्षणं कमी होणं ही एक खूण. त्याहून पक्की म्हणजे जुना प्रसंग पुन्हा आल्यावर तुम्ही मध्येच स्वतःला पकडता आणि वेगळं काही करता. राग आला तेव्हा राग आला असं सांगता, आणि आभाळ कोसळत नाही. तारीख आधी ठरवतात. वर्षभराच्या थेरपीत निदान सहा ते आठ आठवडे आधी. त्या काळात जुनी लक्षणं डोकं वर काढतात. घाबरून तारीख पुढे ढकलण्याआधी त्यावर बोलून पाहावं, कारण पुष्कळदा ती निरोपाचीच प्रतिक्रिया असते. नंतर गरज पडली तर परत येता येतं, पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.